नाळेवरचं ओझं

मी जोडणारा माणूस. लोखंडाचे दोन तुकडे आणून कुणी "इथं जोड" म्हटलं की मी जोडतो. का जोडायचे, ते आणणाऱ्यानं ठरवावं. मुंबईत वेल्डिंग शिकलो तेव्हापासूनचा हा नियम, आणि रत्नागिरीत मारुती मंदिराच्या रस्त्याला स्वतःचं दुकान टाकलं तेव्हाही तोच ठेवला. विचारल्याशिवाय सल्ला दिला की उद्या बिघडलं तर दोष आपल्या गळ्यात. न देणाऱ्याला कुणी नाव ठेवत नाही. या समजुतीवर मी दहा-बारा वर्षं सुखानं काढली. मग खंडूची मोटरसायकल दुकानात आली.

खंडू होड्यांच्या इंजिनांचा मेस्त्री. त्या काळात किनाऱ्यावर ज्याला त्याला शीड उतरवून डिझेल इंजिन बसवायची घाई झाली होती. बसवणारे बसवून जात, बिघडलं की बघायला कुणी नसे. खंडू बघायचा. जयगड, वेळणेश्वर, हर्णै, इकडे पूर्णगड, जैतापूर. ज्या बंदरातून सांगावा येईल तिकडे हा पस्तीस किलोची हत्यारं मोटरसायकलला बांधून निघायचा. आधी चांगलं डांबर, मग फुटकं डांबर, मग सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरचा, उघडा कातळ आणि शेवटी खाडी. खाडीला पूल नाही. चार माणसं बोलवायची, गाडी उचलून होडीत घालायची आणि पलीकडे वाळूत उतरवायची. पंधरा वर्षं हे केल्यावर पाठीनं जे करायचं ते केलं. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, दोन मणके सरकलेत. मोटरसायकल आजपासून बंद, नाहीतर वर्षभरात चालणं बंद.

हे साल पंच्याऐंशी. आखाडातली गोष्ट. होड्या वर ओढलेल्या, खंडूला काम कमी, म्हणून तो दुकानात येऊन उभा राहायचा. बसायचा नाही, कारण बसलं की उठताना तोंड वाकडं व्हायचं.

त्याची बायको बकुळा एक दिवस त्याच्या मागोमाग आली. हातात पोस्टकार्ड. तिचा भाऊ शिवा मुंबईला गोदीत होता. त्यानं लिहिलं होतं की स्टोअरमध्ये बसून करायचं काम आहे, साहेबाशी बोलणं झालंय, दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं. नाहीतर जागा जाईल.

"भावजी, तुमचा ऐकतो तो. सांगा त्याला," ती म्हणाली.

मी कुणाला काही सांगत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

"मुंबईत जावन मी काय करू?" खंडू म्हणाला. "स्टोअरात खिळे मोजू? बंदरावर इंजिन बंद पडला की बारा घरांची चूल बंद पडते. तिथं माझी वाट बघतात. गोदीत कोण बघतो?"

"आनि तू आडवा पडलास की माझी चूल कोण बघतो?" बकुळा म्हणाली. "मला नवरा उभा पायजे. इथं उभा रायला तर इथं, नायतर मुंबईत."

अशा वेळी खंडूचा चुलता भिवातात्या बोलला. तो कधी येऊन उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला होता ते कुणाला कळलं नव्हतं. सत्तरीचा माणूस, होड्या बांधणारा सुतार. भाट्याच्या खाडीवर त्याची होड्या बांधायची शाकारलेली मांडवी होती आणि तिच्यात एक अर्धी होडी दीड वर्ष तशीच उभी होती. शिडाची होडी बांधून घेणारं कुणी उरलं नव्हतं. ज्या इंजिनांवर पुतण्या जगत होता त्यांनीच चुलत्याचं काम खाल्लं, पण ही गोष्ट दोघांनीही कधी एकमेकांसमोर काढलेली मी ऐकली नाही.

"पाठ गाडीला बसत नाय," तात्या म्हणाला, "तर गाडी पाठीला बसवायची. दर्या बघून होडी बांधतो मी. माणूस बघून गाडी का नाय बांधायची?"

मला हसू आलं, पण मी दाबलं. हा माणूस आयुष्यात मोटरसायकलवर मागेसुद्धा बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं माझ्या दुकानाच्या पांढऱ्या भिंतीला लागून माशांचं एक खोकं ठेवलं, त्यावर फळी टाकली आणि खंडूला बसवलं. हातात एक बांबू आडवा दिला. म्हणाला, "डोळे मिट. दर्या निवांत हाय, वल्हा हातात हाय, घाई नाय. हात जातील तिथं जावंदे, पाय जातील तिथं जावंदे." मग स्वतः कोळसा घेऊन शेजारी उभा राहिला. घटकाभरानं खंडूची पाठ जिथं थांबली तिथं भिंतीवर खूण केली. हात जिथं आले तिथं दुसरी, पाय जिथं टेकले तिथं तिसरी. फळी दोन बोटं वर केली, पुन्हा बसवलं. असं तीन संध्याकाळी चाललं. तिसऱ्या दिवशी खंडू त्या फळीवर दीड तास बसला आणि उठताना त्याचं तोंड वाकडं झालं नाही.

मी टेप घेऊन त्या तीन खुणांमधलं अंतर मोजलं. चांगल्या गाडीवर माणूस पुढे वाकतो किंवा मागे रेलतो. इथे तो ताठ होता, हात छातीच्या खाली आणि रुंद, पाय बरोबर बुडाखाली. खुर्चीवर बसून जेवणारा माणूस बसतो तसा. तीन खुणा, आणि त्यांच्याभोवती आता गाडी बांधायची. मला तोवर वाटत होतं की गाडी आधी असते आणि माणूस नंतर येऊन बसतो.

खंडूचं स्वतःचं डोकंही कमी नव्हतं. त्याला विचारलं तर तो घडाघडा सांगायचा. शंभरातले ऐंशी मैल डांबर आहे, म्हणून ही डांबराचीच गाडी. कच्च्या रस्त्यावर पकड घेणारे बटणाचे टायर सुचवणाऱ्या पोरांना त्यानं हाकलून लावलं. "वीस मैलांच्या कातळासाठी ऐंशी मैल घरघर ऐकू काय?" पण त्या वीस मैलांत मोडता कामा नये. म्हणून पुढचं चाक धरणारा चिमटा लांब केला, पुढचं चाक एक माप मोठं घेतलं. मागचे शॉक उंच आणि मऊ. सायलेन्सर खाडीच्या पाण्यातून वर राहील असा फिरवून मांडीजवळ आणला. टाकी मी कापून वाढवली, कारण निवळीचा फाटा सोडला की पेट्रोल मिळेलच असं नाही. गाडी उंच झाली आणि खंडू तर बुटका, तेव्हा तात्यानं फणसाच्या लाकडाची बैठक केली, पुढे निमुळती, मागे रुंद, आत काथ्या. पाय खाली टेकायला लागले. होडीत उचलून घालायला मी दोन बाजूंना चार कड्या जोडल्या. जुन्या गाडीच्या मेकचं नाव सांगत नाही. आम्ही तिचं जे काही केलं त्यात कंपनीचा हात नव्हता.

श्रावण असा गेला. मला ते काम आवडायला लागलं होतं, हे कबूल करतो. सकाळी दुकान उघडलं की आधी ती गाडी बघायची.

राहिला हत्यारांचा पेटारा. तो तात्यानंच केला, सागवानाचा, पितळी पट्ट्यांचा, आणि तो कुठं बसवायचा तेही त्यानंच ठरवलं. मागच्या चाकाच्याही मागे, खाली. मी म्हणालो, "तात्या, इतका मागे?"

"नाळेवर ओझा ठेवायचा नाय," तो म्हणाला.

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. तात्याच्या घराण्यात नाळेला पाय लावत नाहीत, चपलेनं तिच्यापुढून जात नाहीत आणि तिच्यावर ओझं ठेवत नाहीत. वजन मागे आणि खाली. नाळ हलकी असली की होडी लाटेवर चढते, जड असली की लाटेत शिरते. हे तो देवाचं सांगावं तसं सांगत होता. मी सावर्ड्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. होडीत बसलो की दोन्ही हातांनी काठ धरून ठेवणारा. मी काय बोलणार?

पेटारा जोडला. हत्यारं भरली. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, बंदरांमधून खंडूला निरोपावर निरोप येत होते. तो निघायच्या आदल्या दिवशी मी एकटा असताना, केवळ सवय म्हणून, गाडी शेजारच्या लाकडाच्या वखारीत नेली आणि काट्यावर आधी पुढचं चाक ठेवलं, मग मागचं. पुढे अठ्ठावन्न किलो. मागे एकशे एकेचाळीस.

मी ते आकडे खडूनं दुकानाच्या दारावर लिहिले आणि त्यांच्याकडे बघत बसलो. माल वाहणारी सायकल ज्यानं चालवली आहे त्यालाही कळेल. मागे पोतं जास्त झालं की पुढचं चाक भुई सोडतं आणि हँडल हातात डुलायला लागतं. माझ्या बापानं भाताची पोती अशीच वाहिली होती. मला ते माहीत होतं. वाटतं, संशय होता असं म्हणून सुटावं. पण नाही, माहीत होतं.

तेवढ्यात तात्या आला. अंगात धुतलेला सदरा, हातात नारळ आणि कुंकवाची पुडी. नवी होडी पाण्यात सोडावी तशी गाडी सोडायची होती ना त्याला! इतक्या दिवसांत त्याच्या तोंडावर मी एवढा उजेड पाहिला नव्हता. दीड वर्षानं त्यानं काहीतरी पुरं केलं होतं. "ह्ये काय लिवलास?" त्यानं दाराकडे बघून विचारलं.

"काही नाही, गिऱ्हाइकाचं माप," मी म्हणालो, आणि तळहातानं पुसून टाकलं.

पुढचं सांगायला फार लागत नाही. निवळीच्या पुढे सरळ रस्त्यावर खंडूनं वेग घेतला तेव्हा हँडल डुललं. त्याला वाटलं, नवी गाडी आहे, सवय होईल. उतारावरच्या वळणाला ती वळली नाही. पुढचं चाक वळलं आणि गाडी सरळच गेली. तो गवतात पडला म्हणून हाड मोडलं नाही, पण पाठ धरली ती अशी की त्याला ट्रकमध्ये आडवा घालून आणावा लागला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर फळीवर.

गणपतीत त्याच्या घरी गेलो. आरतीला सगळे पुढच्या खोलीत उभे आणि हा आतल्या खोलीत निजून टाळ्या वाजवत होता. बकुळानं मला चहा दिला आणि आरतीला परत गेली. पोस्टकार्ड देव्हाऱ्याजवळ उभं करून ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

मी खंडूला सगळं सांगितलं. काटा, आकडे, खडू, पुसणं. तो छताकडे बघून ऐकत होता.

"सांगितलास का नाय?" त्यानं विचारलं.

"तात्या होते समोर. नारळ घेऊन आलेले. कसं बोलू?"

"म्हंजे तात्याला बरा वाटावा म्हणून मला पाडलास."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी काही नेहमी लाजणारा माणूस नाही, पण त्या दिवशी लाज वाटली, आणि ती सरळ लाजच होती, तिला दुसरं नाव नाही. न बोलणाऱ्याला कुणी नाव ठेवत नाही म्हणे. खंडूनंही ठेवलं नाही. तोंड भिंतीकडे केलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी भाट्याला तात्याच्या मांडवीत गेलो. तो त्या अर्ध्या होडीपाशी बसून जुन्या एका डोणीचं सुकाणू तासत होता. हातात वाकस. सुतारांचं ते आडव्या पात्याचं, कुदळीच्या घडणीचं हत्यार. दांडा धरून धरून काळा झालेला आणि पातं झिजून निम्मं झालेलं. ते त्याच्या बापाचं होतं.

मी आकडे सांगितले. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही.

"काटा लाकूड मोजतो," तो म्हणाला. "चाल मोजत नाय. पोरानं वेग घेतलान. वेग घ्यायचा नव्हता."

"तात्या, वेगाचं नाही. पुढच्या चाकावर वजनच नव्हतं."

"नाळेवर वजन नसताच."

मग मी सायकलचं सांगितलं, भाताच्या पोत्यांचं सांगितलं. तो तासत राहिला. मला राग यायला लागला. एवढं बोलायला मी कधी कुणाच्या दारात गेलो नव्हतो, आणि बोललो तर हे असं. मी उठलो. तेव्हा त्यानं वाकस थांबवला.

"भागोज्या, गाडी वळवतो कोण? पुढचा चाक का मागचा?"

"पुढचं."

"मागचा अजिबात नाय?"

"नाही. मागचं नुसतं ढकलतं."

तो मांडीवरच्या सुकाणूकडे बघत बसला. ओहोटी होती, खाडीतला चिखल उघडा पडला होता. मग म्हणाला, "होडीचा सुकाणू मागं असतो."

मांडीवरचं सुकाणू त्यानं खाली ठेवलं.

"गाडीचा पुढं," तो म्हणाला. "म्हंजे मी त्याला सुकाणू पाण्याभायेर काढून दिला. आनि वर नारळ फोडला."

मी म्हणालो, "मला ठाऊक होतं, तात्या. मी दारावरचं पुसलं ते हेच होतं." हे सांगायलाच मी गेलो होतो, आणि सगळ्यात शेवटी सांगितलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. शिवी देईल असं वाटलं. "तुझा चुकला," तो म्हणाला. "पण तू पाण्याचा माणूस नव्हस. माझा जास्त चुकला." मग पुन्हा कामाला लागला. मी निघताना पाठमोराच म्हणाला, "पेटारा काढ. डबे पुढं घाल, टाकीच्या दोन बाजूंना. पन मी हात लावायचा नाय. माझ्या हातानं नाळेवर ओझा जायचा नाय."

डबे मी पत्र्याचे केले, दोन, इंजिनाच्या पुढे गुडघ्याच्याही खाली. पितृपक्ष लागला होता. बकुळा म्हणाली, या दिवसांत नवीन काही करू नये. मी म्हटलं, हे नवीन नाही, दुरुस्ती आहे, आणि पितरांना दुरुस्ती चालते. खंडू पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मागे फक्त हलका कपड्यांचा थैला ठेवला. पुन्हा वखारीत नेली. पुढे अठ्ठ्याऐंशी, मागे एकशे सात. आकडे दारावर लिहिले आणि ठेवले. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे काय? मी प्रत्येकाला सांगायचो. गिऱ्हाईक कंटाळून जाईपर्यंत सांगायचो.

खंडू उठला तो नवरात्रात. पोस्टकार्डाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. बकुळानं अट घातली: वेळणेश्वरला जा, तिथं बंद पडलेल्या होडीचं इंजिन कर, परत ये. उतरताना हात कमरेवर गेला तर सोमवारी मुंबई. नाही गेला तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. वेळणेश्वर तिचं माहेर, रस्ता तिला ठाऊक होता. त्या रस्त्यात सगळं येतं. निवळीची वळणं, जयगडपर्यंतचा सडा, खाडी, तवसाळपासून पुढची लाल माती.

तो सप्तमीच्या सकाळी गेला. मी दुकानात दोन दिवस काम केलं असं म्हणता येणार नाही. एका गेटाची बिजागरी उलटी जोडली.

नवमीला दुपारी चारच्या सुमारास बकुळा येऊन दुकानाच्या पायरीवर बसली. थोड्या वेळानं तात्या आला आणि रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. पेटारा काढल्यापासून तो दुकानाकडे फिरकला नव्हता. पाचला आवाज आला. मला तो आवाज आता बाराशे गाड्यांत ओळखू येईल.

खंडू ताठ बसलेला होता. भिंतीवर कोळशानं काढला होता तसाच. मोठ्या वळणाला गाडी कलली, वळली आणि सरळ झाली. तोंडावर लाल धूळ, दात तेवढे पांढरे. दुकानासमोर थांबला. उजवा पाय बैठकीवरून काढला, खाली टेकला आणि उभा राहिला. बकुळा त्याच्या हातांकडे बघत होती. हातांनी हातमोजे काढले, टाकीवर ठेवले, रुमाल काढला, तोंड पुसलं. कमरेकडे गेले नाहीत.

"काय झाला होता इंजिनाला?" तिनं विचारलं.

"पंप."

"बरा." ती उठली. पदराला बांधलेलं पोस्टकार्ड काढून तिनं माझ्या हातात दिलं. "भावजी, तुमचा अक्षर चांगला हाय. शिवाला लिवा, येत नाय म्हणून." आणि घराकडे चालायला लागली. मी बघितलं, कोपऱ्यावर वळेपर्यंत ती नेहमीसारखी चालत होती, आणि वळण्याआधी पदर डोळ्याला लावला.

तात्या मात्र खंडूकडे बघत नव्हता. तो रस्ता ओलांडून आला, गाडीसमोर पाच पावलांवर उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून बघत राहिला.

"परत घेवन ये," त्यानं खंडूला सांगितलं. "तिकडना. हात सैल सोड."

खंडूनं चक्कर मारली. तात्या उठला. "उजवीकडं ओढते. डावा डबा हलका हाय."

खंडू चमकला. "व्हय तात्या, किंचित ओढते. मला वाटला रस्ताच तसा हाय."

माझ्या टेपला हे दिसलं नव्हतं, काट्यालाही नाही, कारण मी डबे कधी वेगवेगळे तोललेच नव्हते. ते काढून वखारीत नेले. उजवा वीस किलो, डावा अठरा. दोन किलोंचा फरक, आणि म्हाताऱ्यानं तो वीस पावलांवरून बघितला. काटा चाल मोजत नाही, हे त्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं होतं.

"थांबा. जावू नका," असं म्हणून तो गेला. भाट्यापर्यंत जाऊन परत यायला त्याला तास लागला. आम्ही दोघं दुकानात बसलो होतो. खंडू बसला होता, हे मुद्दाम सांगतो.

तात्या आला तेव्हा काखेत शिडाच्या जुन्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. गाडीसमोर आल्यावर त्यानं चपला काढल्या. पुढच्या मडगार्डाला हात लावून तो हात कपाळाला लावला. मग डाव्या डब्याचं झाकण उघडलं आणि गुंडाळी आत ठेवली. कापड जरा सरकलं आणि काळा झालेला दांडा दिसला. त्याचा वाकस.

"तात्या!" खंडू म्हणाला. "उद्या दसरा. हत्यारांची पूजा करायची तुला."

"निरम पायजे ना डाव्या अंगाला," तो म्हणाला. निरम म्हणजे होडी डुलू नये म्हणून तळाशी घालतात ते वजन, दगड नाहीतर लोखंड. "हा दोन किलो भरतो. मी तोलून आणलाय."

खंडूनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. उजव्या डब्यातला एक मोठा पाना उचलून डाव्यात टाकला असता की काम झालं असतं. एक किलोचा पाना. लहान पोरालाही सुचेल. तात्याला सुचलं नसेल असं मला वाटत नाही. जन्मभर ज्यानं होड्यांत दगड इकडचे तिकडे केले त्याला हे सांगायची गरज नव्हती.

माझ्या तोंडाशी आलं होतं. दीड महिन्यापूर्वी न बोलून मी एका माणसाला गवतात पाडलं होतं, आणि तेव्हापासून सगळ्यांना सगळं सांगत सुटलो होतो. त्या दिवशी मी गप्प बसलो. झाकण मीच लावलं, आणि तात्यानं ओढून बघितलं घट्ट बसलं की नाही.

दसऱ्याला सकाळी मी दुकानात मशीन, पाने, हातोडे मांडून झेंडू वाहिला. गाडीला खंडूनं हार घातला होता. नऊच्या सुमारास तात्या आला, हातात एकच फूल. घरच्या पाटावर त्याची बाकीची हत्यारं मांडून झाली होती म्हणे. ते फूल त्यानं डाव्या डब्यावर ठेवलं आणि गेला. त्या दिवशी मी शिवाला पत्र टाकलं.

ती अर्धी होडी पुढं कुणी पुरी केली नाही. गाडी अजून चालते.